सहाबारी

रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास त्यांची पालखी निघते तेव्हा देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. ही चाल इंग्रज अमदानीपासूनची. देवापुढे बंदुका ताठ उभ्या राहतात आणि सारे गाव डोळे भरून ते पाहते. पेण-रोह्याकडच्या माणसाला बंदूक ही अशी सरकारच्या खांद्यावरच पाहायची सवय. परंतु आमच्या भागात काही जुन्या घरांच्या कपाटांतही हत्यारे आहेत, आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न दसरा-दिवाळीच्या साफसफाईत दरसाल वर येतो. त्यांतल्या एका विशिष्ट जातीच्या हत्याराविषयी, म्हणजे सहाबारी पिस्तुलाविषयी, आज चार शब्द लिहायचे आहेत.

कोकणातल्या शेतकऱ्याचे खरे हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, वर चिंधी आणि छर्रे ठासायचे, केप बसवायची आणि भातात शिरलेल्या रानडुकराची वाट बघायची. तिला पीक-संरक्षणाचा परवाना मिळे. सहाबारीची गोष्ट निराळी. १८७८ साली लिटनसाहेबाच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला आणि हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार ठेवणे गुन्हा ठरला. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. पुढच्याच वर्षी, १८७९ च्या मे महिन्यात, आमच्या शेजारच्या पनवेल तालुक्यात पळस्पे आणि चिखली या गावांवर दौलतराव नाइकाने छापे घातले. तो वासुदेव बळवंत फडक्यांचा साथीदार, आणि फडके तर त्याच तालुक्यातल्या शिरढोणचे. अशा मुलखात खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचा परवाना सरकार कोणाला देणार? पेन्शनीत निघालेला पोलीस अंमलदार, एखादा खोत किंवा इनामदार, वजनदार सावकार. म्हणूनच आपल्याकडच्या घरात जुनी सहाबारी निघाली, की ती त्या घराचे सरकारदरबारी काय वजन होते त्याची साक्ष असते. ही साक्ष काही वेळा वंशजांना अवघड वाटते, हेही खरे.

सहाबारीचा जन्मही फार जुना नाही. सॅम्युएल कोल्ट नावाच्या अमेरिकन तरुणाने १८३५-३६ त फिरत्या चकरीच्या पिस्तुलाचे हक्क नोंदवले. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने आपला माल मांडला तेव्हा रॉबर्ट अॅडम्स हा इंग्रज कारागीर शेजारीच स्पर्धेला उभा होता. कोल्टचा घोडा दरवेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. अॅडम्सचा नुसता चाप ओढला की घोडा आपोआप उठे आणि पडे. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला या दोन्ही जातींची पिस्तुले होती. पुढे १८७२ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या वेब्लीने आखूड नळीचे, कोटाच्या खिशात मावणारे ‘बुलडॉग’ काढले. ते इतके खपले की बेल्जममधल्या लीएज शहरी त्याच्या नकलांचा पाऊस पडला.

असेच एक लीएजचे बुलडॉग रोह्याला आमच्या एका आप्तांकडे आहे. अर्थात परवान्यावर. पणजोबा मुंबई इलाख्याच्या पोलिसात होते, त्यांचे ते. गेल्या वर्षी पुण्याहून आलेला नातू, इंजिनिअर पोरगा, ते हातात घेऊन म्हणाला, “काका, चकरी फिरतेय, घोडा पडतोय. निदान एक बार काढून बघू या की! नाहीतर याचा उपयोग काय?”

प्रश्न पोरकट नाही. चाललेच नाही ते घड्याळ कसले, वाजलीच नाही ती सतार कसली, असे म्हणणारे रसिक पुष्कळ असतात. हत्यार हाताला कसा हिसका देते, धूर किती होतो, सहा बार काढायला किती वेळ लागतो, हे पुस्तकातून कळत नाही हेही मला मान्य आहे. विलायतेत ठासणीच्या बंदुका उडवणाऱ्यांची संस्था १९५२ पासून आहे. परंतु तिकडे हा शौक करणारे बहुतेक लोक नव्या प्रतिकृती वापरतात. इटलीत जुन्या कोल्टच्या हुबेहूब नकला करणारे कारखाने याच हौशीवर चालले आहेत. मूळ वस्तू उडवायचीच झाली तर आधी जाणकार कारागीर तिचा सांधा न् सांधा तपासतो आणि दारू जुन्या जातीचीच वापरतो.

यातली मेख दारूतच आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळते त्यामानाने सावकाश. १८८९ त कॉर्डाइट निघाले आणि बिनधुराच्या दारूचे युग आले. हिचा दाब झपाट्याने चढतो. काळ्या दारूच्या हिशेबाने घडवलेल्या लोखंडाला तो सोसेलच असे नाही. चकरीची भिंत फुटली तर पहिली बोटे जातात ती चाप ओढणाराची. आणि बाजारात .३२ बोअरची आजची काडतुसे मिळतात म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. बोअरचा आकडा जुळला म्हणजे काडतूस जुळले असे नव्हे.

मग हे बुलडॉग कोणत्या दारूचे, ते कसे ओळखावे? मी भिंग मागवले. चकरीवर एक बारीक अंडाकृती ठसा आहे आणि त्यात ई, एल, जी ही तीन अक्षरे. हा लीएजच्या सरकारी चाचणीघराचा शिक्का. १८९३ पासून त्या अंडाकृतीवर मुकुट आला. आमच्या आप्तांच्या ठशावर मुकुट नाही. म्हणजे हे हत्यार १८९३ च्या आधीचे, निव्वळ काळ्या दारूच्या जमान्यातले. घरची दंतकथा त्याला पहिल्या महायुद्धातले म्हणत होती! तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या ठशाने पंचवीस वर्षे मागे नेले. (याच लीएजजवळच्या हर्स्टाल गावी ब्राउनिंग पिस्तुले बनत. लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस ब्राउनिंगांतल्या एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनला टिपले.)

माझे म्हणणे एवढेच, की असे हत्यार हा एक दस्तऐवज आहे आणि त्याचा मजकूर आकड्यांत, ठशांत आणि झिजेत लिहिलेला असतो. भगतसिंगांच्या पिस्तुलाचेच पाहा. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर जे चालले, ते .३२ चे कोल्ट, क्रमांक १६८८९६. १९६९ साली ते फिल्लौरच्या पोलीस अकादमीतून इंदूरला सीमा सुरक्षा दलाकडे आले आणि इतर पिस्तुलांत मिसळून गेले. गंजू नये म्हणून कोणी त्यावर काळा रंग दिला होता. सांभाळणाराचा हेतू चांगलाच, पण त्या रंगाखाली आकडाही झाकला. २०१६ त रंग खरवडून क्रमांक जुळवला तेव्हा कळले, की आपण काय जपून ठेवले आहे. रंगाऐवजी कोणी कानस फिरवली असती तर?

आणि आपल्याकडे कानशीची गरजही नाही. दिवाळीला समई घासतात तशी चिंच आणि विटेची भुकटी घेऊन पिस्तूल लख्ख करणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. चार वर्षांत ठसे सपाट! खंडेनवमीला ओले हळदकुंकू लावून वर झेंडूची ओली माळ रात्रभर ठेवतात, तीही कोकणच्या दमट हवेत लोखंडाला खाते. पूजा जरूर करावी. पण पाटावर फडक्यात गुंडाळून, आणि फूल शेजारी ठेवून. बार काढण्याचे दुखणे तर याहून मोठे. काळ्या दारूची काजळी आणि जुन्या केपांचा क्षार हवेतले पाणी ओढून घेतात; त्याच दिवशी नळीतून उकळते पाणी सोडून ती कोरडी करून तेल दिले नाही, तर आठवड्यात आत तांबूस मोहर येतो.

कायद्याचेही आता स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, उत्सवात वा देवळात हौसेखातर बार काढणे हा गुन्हा ठरला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला हे योग्य वाटते. त्याच दुरुस्तीतली दुसरी गोष्ट मात्र संग्राहकाला जाचक आहे. १९८३ पासून माणसी तीन हत्यारांची मर्यादा होती, ती दोनावर आली, आणि त्यात वारसाहक्काची हत्यारेही धरली जातात. पुराणवस्तू म्हणून परवान्यातून सूट हवी, तर हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही असे असावे लागते. म्हणजे चालू स्थितीतले जुने हत्यार कायद्याला हत्यारच, आणि परवान्यातून सुटायचे तर ते कायमचे निकामी हवे! जे जपायचे तेच मोडायचे, असा हा पेच आहे. त्यामुळे तिसरे हत्यार पोलिसांत जमा होते आणि त्याबरोबर त्या घराची हकीकतही जाते. माझ्या मते अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने ते एखाद्या संग्रहालयाला द्यावे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दारूची शिंगडीसुद्धा किती मायेने मांडली आहेत, ते एकदा मुलांना दाखवून आणा.

नातवाला मी हे सारे सांगितले. तो काही लगेच पटून गप्प बसला नाही. “म्हणजे हे नुसते बघायचे?” म्हणाला. मग भिंग घेऊन बराच वेळ बसला आणि फिरत्या चकरीच्या मागच्या बाजूला मला न दिसलेला आणखी एक ठसा त्याने काढला, एकच अक्षर, वर तारा. तो कोणा तपासनिसाचा असावा. मऊ कागद लावून पेन्सिलीने दोन्ही ठसे उतरवले, परवान्याच्या झेरॉक्सबरोबर वहीत चिकटवले, आणि पणजोबांची नेमणूक कोणत्या साली कुठे होती ते आजीला विचारायला तो आत गेला.