ठिणगीची वेळ

१९९८ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. धुळ्याच्या एका गॅरेजात काम करणारा विशीतला मिस्त्री आमच्या युनियनच्या कचेरीत आला आणि माथ्याला भोक पडलेला एक पिस्टन त्याने आमच्यासमोर टेबलावर ठेवला. एका हौशी गृहस्थांनी आपल्या जुन्या फियाटला जास्त जोराचा, दोन तोंडांचा कार्ब्युरेटर बसवून घेतला होता. सपाटीवर गाडी वाऱ्यासारखी पळाली. पण आठच दिवसांत, मालेगावकडे जाताना लळिंगचा घाट चढत असता, इंजिन खडखडू लागले आणि शेवटी बसले. गॅरेजच्या मालकाने या मुलाचा तीन महिन्यांचा पगार कापण्याचे ठरविले. "भाऊ, कार्ब्युरेटर मी बरोबरच बसवला होता," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

तो खरे बोलत होता. मग पिस्टन जळाला कसा? या प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्हांला मोटारीचा इतिहास वाचावा लागला. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत. त्या वाचनाचा सारांश आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करण्याचे काम कार्ब्युरेटरचे, आणि ते पेटविण्याचे काम प्लगच्या ठिणगीचे. ठिणगी पडताच सारे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ३० अंश फिरण्यास त्याला सेकंदाचा सहाशेवा भाग पुरतो. सारा हिशेब एवढ्याशा अवधीतला आहे. ठिणगी उशिरा पडली तर जोर वाया जातो. फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच तडाखा बसतो आणि न जळलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकते. त्यालाच मिस्त्री लोक 'नॉकिंग' म्हणतात.

आरंभी ही वेळ सांभाळणे चालकाच्या हाती असे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत चाकाखाली डाव्या बाजूस ठिणगीचा दांडा होता. हॅंडल मारण्यापूर्वी तो मागे घेण्यास चालक विसरला, तर हॅंडल उलटून त्याचे मनगट मोडण्याचा धोका असे. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक गाडीसाठी बॅटरीवरील ठिणगीची व्यवस्था सिद्ध केली. त्यांच्या कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'डेल्को' हा शब्द निघाला. आमच्याकडील मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को'च म्हणतो. केटरिंग कोण हे त्याला ठाऊक नसेल. पण केटरिंगची विद्या त्याच्या बोटांत आहे.

मिश्रण बदलले की ठिणगीची वेळ बदलावी लागते, हा धडा आपल्या देशाने महायुद्धात गिरविला. १९४१ साली पेट्रोलवर रेशनिंग आले आणि अनेक मोटारी लोणारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. गाडीलाच जोडलेल्या भट्टीतून हा गॅस इंजिनात येई. तो पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. म्हणून ठिणगी आणखी आधी पाडावी लागे, आणि तरीही जोर कमीच पडे. चढावर उतारूंना खाली उतरून चालावे लागे, असे आग्रा रोडवरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांकडून आम्ही तरुणपणी ऐकले आहे.

त्या फियाटची गोष्ट याच्या नेमकी उलट होती. जोराच्या कार्ब्युरेटरचा हा नादही जुनाच. १९२३ साली इटलीतील बोलोन्या शहरी एडोआर्डो वेबर यांनी कार्ब्युरेटरचा कारखाना काढला आणि फियाट गाड्यांना बसविण्याजोगे संच विकले. पुढे फियाट ११०० ही गाडी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधली, आणि तीच आमच्या खानदेशच्या रस्त्यांवर आली. मोठ्या तोंडातून मिश्रण जास्त शिरते, सिलिंडरातील दाब वाढतो, ज्योत लवकर पसरते. अशा वेळी जोर लागताना ठिणगी थोडी उशिरा पडली पाहिजे. त्यात मे महिन्यात आमच्याकडील पारा ४५ अंशांकडे जातो, आणि तापलेली हवा नॉकिंगला आमंत्रणच देते. पुढे घाट आणि जुनेच टायमिंग! मग पिस्टन न जळता तरच नवल.

करावयास हवे होते ते एवढेच. आधी पॉइंटमधील फट मापाने बसवावयाची, कारण फट बदलली की टायमिंग हलते. मग पॉइंट उघडण्याचा क्षण दिव्याने पाहून डेल्को नेमावयाचा. इंजिन तापल्यावर मंद चाल नीट करून टायमिंग पुन्हा तपासावयाचे. डेल्कोला कार्ब्युरेटरकडून नळी येत असेल, तर त्या वेळी ती काढून तिचे तोंड बंद ठेवावयाचे. शेवटी गाडी चढावर नेऊन कान द्यावयाचा आणि खडखड ऐकू आली तर डेल्को किंचित मागे घ्यावयाचा. या सगळ्यास अर्धा दिवस लागतो.

तो अर्धा दिवस त्या मुलाला मिळालाच नव्हता. गाडी त्याच संध्याकाळी देण्याचा मालकाचा हुकूम होता. आम्ही पिस्टन घेऊन गॅरेजात गेलो आणि एवढेच विचारले, "टायमिंगला किती वेळ दिला होता?" मालक बराच वेळ गप्प राहिला. पगारकपात रद्द झाली. पगारवाढ मात्र मिळाली नाही. तिच्यासाठी पुढल्या वर्षी भांडावे लागले.

२००० साली देशातील पेट्रोलातून शिसे गेले. त्याच सुमारास नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटरही मागे पडत गेला, आणि आता ठिणगीची वेळ संगणक ठरवितो. पण जुन्या गाड्या राखणारे हौशी लोक जळगावात आहेत, धुळ्यातही आहेत. आज पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. म्हणजे मिश्रण पुन्हा बदलले आहे आणि जुन्या कार्ब्युरेटरला पुन्हा मिस्त्रीच्या हाताची व कानाची गरज आहे. त्यांना आमचे सांगणे इतकेच की सुट्या भागाची किंमत मोजता, तशी वेळेचीही मोजा. धुळ्याच्या त्या गॅरेजच्या बिलात त्या मे महिन्यापासून एक ओळ वाढली : 'टायमिंग – अर्धा दिवस.' आमच्या युनियनने लिहून घेतलेल्या करारांत एवढा छोटा करार दुसरा नाही.