मुलांसाठी उघडत गेलेले लंडन

युरोपातील एखादे मोठे शहर मुलाबाळांसह हिंडून पाहण्याची प्रथा फारशी जुनी नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांतले तरुण शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून पॅरिस, व्हेनिस, रोम ही शहरे पाहून येत. पण सोबतीला शिक्षक आणि नोकर घेऊन निघालेल्या त्या तरुणाच्या प्रवासात आईवडिलांना आणि धाकट्या भावंडांना स्थान नसे. सहकुटुंब शहर पाहण्याचा रिवाज कसा रुळला, हे लंडनच्या इतिहासात स्पष्ट दिसते, आणि तो इतिहास प्रेक्षणीय वस्तूंपेक्षा तिकिटांचा, वेळांचा आणि सोयींचा अधिक आहे.

टेम्स नदीकाठच्या टॉवर या किल्ल्यात तेराव्या शतकापासून राजाच्या मालकीचे प्राणी ठेवलेले असत. 1252 मध्ये नॉर्वेहून आलेल्या पांढऱ्या अस्वलाला लांब दोर बांधून नदीत मासे धरायला सोडण्याची व्यवस्था होती. अठराव्या शतकात हे प्राणी पाहण्याचा दर दीड पेनी होता, आणि ज्याच्याकडे पैसे नसत त्याने सिंहांच्या खाद्यासाठी मांजर किंवा कुत्रा आणून दिला तरी चालत असे. 1759 मध्ये उघडलेल्या ब्रिटिश म्युझियमचे दार मात्र याहून अरुंद होते. तेथे आधी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे. बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता विल्यम हटन 1784 मध्ये दोन शिलिंग देऊन तिकीट मिळवून आत गेला, तेव्हा त्याच्या गटाला अर्ध्या तासात सगळी दालने ओलांडायला लावण्यात आली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, असा नियमच तेथे होता.

या परिस्थितीला खरे वळण 1851 च्या महाप्रदर्शनाने दिले. हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काच यांच्या ‘क्रिस्टल पॅलेस’ नावाच्या प्रचंड इमारतीत भरलेल्या या प्रदर्शनाचे दर सुरुवातीला चढे होते. 26 मेपासून मात्र सोमवार ते गुरुवार एक शिलिंगात, म्हणजे पौंडाच्या विसाव्या भागात, प्रवेश मिळू लागला आणि गिरणीकामगारांपासून शेतमजुरांपर्यंत सर्व थरांतील लोक येऊ लागले. सहल-व्यवसायाचा प्रवर्तक टॉमस कुक याने मध्य इंग्लंडातून आणि यॉर्कशरमधून सुमारे दीड लाख लोकांना स्वस्त रेल्वेने तेथे आणले. एकूण हजेरी साठ लाखांवर गेली. इतिहासग्रंथांत यंत्रे आणि कोहिनूर हिरा यांचे वर्णन भरपूर येते. जॉर्ज जेनिंग्ज याने तेथे बांधलेल्या शौचालयांना मात्र एखादे वाक्यही मोठ्या मिनतवारीने मिळते. एक पेनी दिल्यावर स्वच्छ आसन, टॉवेल आणि कंगवा मिळत असे, आणि आठ लाखांहून अधिक वेळा लोकांनी ती पेनी दिली. लहान मूल कडेवर घेऊन दिवसभर घराबाहेर राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने या सोयीचे महत्त्व कोणत्याही हिऱ्याहून कमी नव्हते.

प्रदर्शनातून उरलेल्या सुमारे 1,86,000 पौंडांच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली गेली, आणि लंडनला येणारे कुटुंब आजही ज्या संग्रहालयांत हमखास जाते ती याच जमिनीवर उभी राहिली. त्यांतील पहिले संग्रहालय 1857 मध्ये उघडले, तेव्हा त्याचे प्रमुख हेन्री कोल यांनी गॅसचे दिवे लावून ते संध्याकाळीही खुले ठेवले, आठवड्यातील काही दिवस प्रवेश विनामूल्य केला आणि आवारात उपाहारगृह काढले. कामावरून सुटलेला मजूर दारूच्या गुत्त्याकडे न वळता बायकामुलांसह येथे यावा, हा त्यांचा उघड हेतू होता. या हेतूत सुधारकी उपदेश असला तरी त्यापायी केलेली सोय खरी होती. मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, यालाही याच प्रदर्शनाच्या काळातील वस्तुसंकलनातून चालना मिळाली.

रीजेंट पार्कमधील प्राणिबाग 1828 मध्ये प्राणिशास्त्र-संस्थेच्या सभासदांपुरती उघडली होती. 1847 पासून ती सर्वांना खुली झाली. 1865 मध्ये तेथे आलेल्या जंबो नावाच्या हत्तीच्या पाठीवर बसून हजारो मुलांनी फेरी मारली, आणि 1882 मध्ये तो अमेरिकन सर्कसवाल्याला विकला गेला तेव्हा शाळकरी मुलांनी थेट राणीला विनंतीपत्रे लिहिली. शहरातील एखादी गोष्ट आपली आहे, असे मुलांनी इतक्या जाहीरपणे क्वचितच बजावले असेल. 1931 मध्ये विज्ञान-संग्रहालयाने खास मुलांसाठी दालन काढले. कामगारांना भरपगारी रजा मिळावी यासाठीचा कायदा 1938 मध्ये झाला आणि सहकुटुंब सुटीचा पाया रुंदावला.

ही वाटचाल सरळ रेषेत झाली नाही. 1980 च्या दशकात साउथ केन्सिंग्टनमधील संग्रहालयांनी प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा गर्दी ओसरली. 1999 मध्ये मुलांचे शुल्क रद्द झाले, परंतु मूल एकटे संग्रहालयात येत नाही, आणि सोबतच्या आईवडिलांचे तिकीट कायमच राहिले. ते डिसेंबर 2001 मध्ये उठले.