शेपटीचा शेंडा

१९९८च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मला पहिलं काम मिळालं ते उंदरांच्या पिल्लांच्या शेपटीचे शेंडे कापायचं. तीन आठवड्यांची पिल्लं आईपासून वेगळी करायची, कानाला भोक पाडून क्रमांक द्यायचा, शेंडा नळीत टाकून वर प्रोटीनेज-के ओतायचं आणि नळी ५५ अंशांवर ठेवून घरी जायचं. सकाळी शेपूट विरघळलेली असे, डीएनए उरलेला. प्रोटीनेज-के हे स्वतः प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एंझाइम. आणि त्याच्या मदतीनं आम्ही शोधत काय होतो? तर ज्याच्यातलं एक प्रोटीएज आम्हीच बंद पाडलंय, असं पिल्लू.

आम्ही बंद पाडलेल्या त्या एंझाइमचं घराणं बेडकामुळे उजेडात आलं. बेडकाच्या पिल्लाची शेपूट मोठेपणी जाते कुठे, या कोड्यापायी जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी शेपटीचे तुकडे कोलॅजन या प्रथिनाच्या थरावर ठेवले. तुकड्यांतल्या एका एंझाइमनं भोवतीचं कोलॅजन विरघळवलं. ही १९६२ची गोष्ट. पुढे त्या एंझाइमची भावंडं सापडत गेली, माणसात वीसच्या वर, आणि घराण्याचं नाव पडलं एमएमपी. पेशींभोवतीचं जाळं कापणारी ही मंडळी कर्करोगाला वाट करून देतात असा सगळ्यांचा संशय. त्यामुळे १९८९मध्ये नॉकआउट, म्हणजे एखादं जनुक बंद पाडलेल्या, उंदरांचं तंत्र हाती आल्यावर एकेका भावंडाला गप्प करायची चढाओढ लागली.

पण उंदीर आमचं ऐकेनात. १९९७मध्ये जपानी गटानं एमएमपी-२ नसलेले उंदीर जाहीर केले. वाढ जरा हळू, बाकी धडधाकट. आमच्याकडेही असंच चालायचं. महिनोन् महिने खपून हाती आलेला उंदीर पिंजऱ्यात मजेत पळत असायचा आणि आम्ही सुतकी चेहऱ्यानं बघत बसायचो. ‘भावंडं सांभाळून घेतात,’ हे आमचं ठरलेलं उत्तर.

मग १९९९मध्ये अमेरिकेतच एमटी१-एमएमपी बंद पाडलेले उंदीर आले. एमएमपी-२ला जागं करणारं हेच एंझाइम, तेव्हा इथेही फारसं काही होणार नाही असा माझा होरा होता. तो सपशेल चुकला. पिल्लं खुजी, चेहरे बेढब, हाडं विरळ, सांधे सुजलेले. मोठी व्हायच्या आतच मरायची. इथे एकही भावंड धावून आलं नव्हतं.

आणि २००१मध्ये सौदी अरेबियातल्या काही कुटुंबांत हातापायांची हाडं झिजवणाऱ्या आजाराचं मूळ सापडलं: एमएमपी-२चं बिघडलेलं जनुक. ज्याच्यावाचून उंदराचं काही अडत नव्हतं, तेच! उंदीर पुन्हा तपासायला घेतले गेले. २००७मध्ये छापून आलं, की त्यांचीही हाडं कमजोर होती, सांधे झिजलेले होते.

ते वाचलं त्या रात्री मी माझी जुनी वही काढली. आमचं जनुक वेगळं होतं, पण शेरा तोच, माझ्याच अक्षरात: ‘दोष नाही.’ खाली वजनं होती, पिल्लांची संख्या होती. हाडांचा एकही एक्स-रे आम्ही काढला नव्हता.