जालसेवेस विनंती व उत्तराचे पृथक्करण
संगणकाच्या आज्ञावलीतून जालसेवेस विनंती पाठवणे आणि आलेल्या उत्तरातून हवी ती माहिती वेगळी काढणे, अशी ही दुहेरी प्रक्रिया आहे. उत्तर बहुधा जेसन किंवा एक्सएमएल स्वरूपात येते. त्यात देवनागरी अक्षरांऐवजी कधी त्यांचे युनिकोड क्रमांक असतात ('न'साठी ०९२८). पृथक्करणात त्यांची पुन्हा अक्षरे होतात. एचटीटीपीचा स्थितिसंकेत २०० म्हणजे उत्तर पोहोचले, एवढेच. विकिपीडियाची एपीआय विनंती सदोष असली तरी सहसा २००च देते. दोषाचा उल्लेख उत्तराच्या मजकुरात असतो. खरी कसोटी नामसाधर्म्याची. 'नायगाव' म्हणजे मुंबईतील दादरजवळचे, वसई तालुक्यातले, की सावित्रीबाई फुले यांचे सातारा जिल्ह्यातील जन्मगाव? पहिलीच नोंद उचलणारी आज्ञावली बिनबोभाट चालते आणि दादरचा पत्ता वसईत दाखवते. म्हणून जिल्हा व अक्षांश-रेखांशही ताडून पाहावे लागतात.