लुनाच्या नगरातील ब्रेक
कायनेटिकच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील कारखान्याशी जिचे नाव जोडलेले आहे, त्या 1972 सालच्या लुना मोपेडला ड्रम ब्रेक, म्हणजे हबमध्ये फाकून आतून घासणारे ब्रेक-शू, पुरत असत. तिचा वेगच बेताचा होता. हिरो होंडा सीबीझेड (1999) आणि बजाज पल्सर (2001) यांच्यासोबत पुढच्या चाकाची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी व आवळून थांबवली जाणारी चकती, रुळल्यावर जुन्या गाड्यांना भंगारातील डिस्क बसवणे शक्य झाले, परंतु ते दिसते तितके सरळ नव्हे. डिस्क आवळणारा कॅलिपर शॉकअपच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, नळीवरील ठरावीक कानांनाच बसत असल्याने शॉकअप, हब, आस व कॅलिपर एकाच गाडीचे घेणे सोयीचे. हँडलवरील मास्टर सिलिंडर, म्हणजे तेलावर दाब आणणारा पंप, कॅलिपरच्या मानाने मोठा असल्यास लिव्हर कडक होतो, लहान असल्यास मुठीपर्यंत येतो. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाल्याने त्या गाड्यांचे भाग घेऊन करायची ही जुळवाजुळव आणखी किचकट झाली.