संभाजी-प्रतिमेचे पुनर्मूल्यांकन

छत्रपती संभाजी महाराज (१६५७–८९) व्यसनी व क्रूर होते, या रूढ समजाची अस्सल कागदपत्रांच्या आधारे झालेली फेरतपासणी. समजाचा मुख्य उगम मल्हार रामराव चिटणीसांची बखर (पहा : बखर वाङ्मय). ती संभाजींच्या वधानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. शिवाय बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजींनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून देहान्त शिक्षा दिली होती. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने विलासी संभाजी रंगवला. वा. सी. बेंद्रे यांच्या चरित्राने (१९६०) ही प्रतिमा मोडीत निघाली. मोगल, सिद्दी व पोर्तुगीजांशी दिलेला लढा (पहा : गोवा मोहीम, १६८३) आणि त्यांचा संस्कृत ग्रंथ ‘बुधभूषण’ हे नव्या मांडणीचे आधार. मोगल सरदार दिलेरखानास मिळण्यामागील संभाजींच्या हेतूंबद्दल (१६७८) मात्र मतभेद कायम आहेत.