दीक्षितांचा ग्रंथ आणि त्याचे वाचक

बेळगाव-निपाणीकडच्या घरांत गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, संवत्सराचे नावही एकच. पंचांगावरची लिपी तेवढी बदलते. या सामाईक कालगणनेचा समग्र इतिहास शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मराठीत लिहिला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ साली पुण्यात छापून निघाला. दीक्षित मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. विद्यापीठाची पदवी नव्हती.

त्यांची पहिली पारख झाली ती जे. एफ. फ्लीट यांच्या हाती. हे गृहस्थ आपल्याच भागात शिक्षणखात्याचे अधिकारी होते, सौंदत्ती-बेळगावच्या रट्टांचे कानडी लेख त्यांनी प्रसिद्ध केले. गुप्त शकाचा आरंभ ठरवताना एरणच्या स्तंभलेखातली तिथी खरोखर गुरुवारी पडते का, हे दीक्षितांनी गणिताने दाखवले. पडते, इ. स. ४८४ च्या जूनमध्ये. फ्लीट यांच्या १८८८ च्या ग्रंथात ही गणिते आहेत. रॉबर्ट सेवेल यांनी तर दीक्षितांना सहलेखक करून पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्येच काढला.

वाद पेटला तो वेगळ्याच मुद्द्यावर. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे. कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत, तो काळ दीक्षितांनी अयनचलनावरून मोजला. उत्तर आले इसवी सनापूर्वी सुमारे ३०००. विरोधकांचे म्हणणे असे की, ‘पूर्व’ हा शब्द ढोबळ असू शकतो. शिवाय जुने निरीक्षण पुढच्या ग्रंथात उतरले असेल, तर ग्रंथाचा काळ त्यावरून ठरत नाही. हा दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. गणित चोख असले तरी ते लागू होते निरीक्षणाला, पोथीला नव्हे.

ग्रीकांच्या ऋणाविषयीही असेच. आपल्या सिद्धांतांतले आकडे टॉलेमीकडून आलेले नाहीत, हे दीक्षितांचे मत. पुढे डेव्हिड पिंग्री आदी अभ्यासकांनी टॉलेमीच्या आधीच्या ग्रीक परंपरेचा ठसा दाखवला. यात दीक्षित पुरते खोटे ठरत नाहीत, पण आपल्याकडे त्यांचे नाव घेऊन ‘सगळे आमचेच’ म्हणणारे मात्र ठरतात. (असे लोक ग्रंथ उघडून क्वचितच पाहतात.)

युरोपीय वेधांवरून पंचांग सुधारण्याची खटपटही त्यात आहे. केरुनाना छत्रे यांचे १८६५ चे पटवर्धनी पंचांग, सायन-निरयनाचा तंटा, सगळे आले आहे. दीक्षित स्वतः सायन पक्षाचे, तरी प्रतिपक्षाला त्यांनी जागा दिली. नरगुंदला जन्मलेले आणि बागलकोटला राहिलेले व्यंकटेश बापूजी केतकर हे त्याच पिढीतले, त्यांचे मत निरयनाचे. कानडी मुलखात बसून मराठी-संस्कृतात आधुनिक गणित मांडणारा हा माणूस आपल्या शाळांत कुणी सांगत नाही.

दीक्षित १८९८ मध्ये वारले. हिंदी भाषांतर १९५७ चे, आणि र. वि. वैद्यांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ चा, दुसरा १९८१ चा. मेघनाद साहांच्या समितीने १९५५ च्या अहवालात दीक्षितांचा आधार घेतला, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्यात दीक्षितांचाच सायन पक्ष महिन्यांच्या आरंभापुरता स्वीकारला गेला. सणवार मात्र निरयनानेच राहिले, बेळगावातही आणि धारवाडातही.